चाळीस वारांची धाव

आमच्या घरात वेळेवरून भांडणं नेहमीच व्हायची, पण ती ट्रेन चुकली, कुकरची शिट्टी जास्त झाली, असल्या कारणांवरून. सेकंदाच्या दशांशावरून आम्ही नवरा-बायको दोन दिवस अबोला धरू, असं कोणी सांगितलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. ते घडलं नेदरलँड्समधल्या एंडहोवनमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या वर्षीच्या वसंतात.

मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती आणि फ्लॅग फुटबॉल खेळत होती. हा अमेरिकन फुटबॉलचाच सौम्य प्रकार. यात हेल्मेट नाही, अंगावर आदळणं नाही. बॉल घेऊन पळणाऱ्याच्या कमरेला कापडी पट्टी लटकवलेली असते, ती कोणी ओढून काढली की ते पळणं तिथेच थांबतं. मी स्वतः सांगलीला शाळेत असताना खो-खो खेळलेली. पाठीमागून येणाऱ्या हाताला हुलकावणी कशी द्यायची हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती, त्यामुळे हा खेळ मला पहिल्याच दिवशी कळला. नवऱ्याला तो अजूनही पुरता कळलेला नाही.

त्या वर्षी अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजात मुलींची फ्लॅग फुटबॉलची टीम नव्याने उभी राहत होती. तिथल्या प्रशिक्षक बाईंना युरोपात येऊन मुली बघायच्या होत्या, पण विमानं बंद. म्हणून त्यांनी ईमेलवर सगळं मागवलं: खेळाचे व्हिडिओ, मार्कलिस्टा आणि चाळीसची धाव. चाळीस म्हणजे चाळीस यार्ड. अमेरिकेत म्हणे खेळाडू निवडताना आधी हाच आकडा बघतात. साडेपाच सेकंदांच्या आत धावणाऱ्या मुलीच हव्यात, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. वेळ हाताने मोजली की यंत्राने, तेही लिहायचं होतं आणि धावेचा एक सलग, न कापलेला व्हिडिओ जोडायचा होता.

मुलीने ते पत्र प्रिंट करून पलंगाच्या वर चिकटवलं. वर्षभर खोलीत बसून लॅपटॉपवर शाळा केलेली पोर ती. मॅचेस नाहीत, मैत्रिणी नाहीत, वाढदिवससुद्धा स्क्रीनवर. त्या कागदाकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मी वर्षभरात बघितलं नव्हतं. हे तिला मिळालंच पाहिजे, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

क्लबचे कोच म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले पी. टी.चे डच शिक्षक. मुलांना सराव करायला परवानगी होती, पण पालकांना क्लबच्या फाटकाच्या आत मज्जाव होता. मग त्यांनी फाटकावरूनच मला स्टॉपवॉच दिलं, चाळीस यार्ड मोजून कापलेली एक निळी दोरी दिली आणि दीड मीटर लांब उभं राहून शिकवणी घेतली.

"तुम्ही शेवटच्या रेषेवर उभ्या राहा. मुलगी एक हात जमिनीवर टेकून वाकेल. 'रेडी, गो' काही म्हणायचं नाही. ती हलली की बटण दाबायचं. अंगठ्याने नाही, तर्जनीने. अंगठा आळशी असतो."

"आणि थांबवायचं कधी?"

"छाती रेषेवर आली की. पाय नाही, डोकं नाही, छाती."

घराजवळ कालव्याच्या कडेला गवताचं मोठं मोकळं मैदान आहे, नगरपालिकेचं. रोज दुपारी शाळेचा शेवटचा तास संपला की आम्ही दोघी तिथे जायचो. मी दोरी अंथरायची, दोन्ही टोकांना चपला ठेवायच्या आणि तर्जनी बटणावर ठेवून श्वास रोखून उभी राहायची. पहिल्या आठवड्यात पाच पूर्णांक चार, मग तीन, मग दोन. पाच पूर्णांक दोन आलं त्या दिवशी मी घरी जाऊन शिरा केला.

शिरा खाता खाता नवऱ्याने विचारलं, "हे मोजलं कोणी?"

"मी."

"हाताने?"

त्याच्या त्या 'हाताने?'वर माझ्या डोक्यात तिडीक गेली. नवरा कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत काम करतो. केसाच्या जाडीचे हजारो भाग केले तर त्यातला एक भाग इकडचा तिकडे सरकला का, हे बघणं त्याचं काम. घरातल्या वजनकाट्यावर त्याचा विश्वास नाही, ओव्हनच्या आकड्यावर नाही आणि बायकोच्या बोटावर तर नाहीच. मी ब्लाउज शिवते. लॉकडाऊनमध्ये अर्ध्या एंडहोवनच्या मराठी बायकांची मापं मी व्हिडिओ कॉलवर घेतली आणि एकही ब्लाउज परत आला नाही. पण हे त्याला कोण सांगणार?

"अगं, माणसाचं बोट हे उपकरणच नाही," तो म्हणाला. "मी करतो काहीतरी."

घरून काम चालू असल्यामुळे त्याला वेळच वेळ होता. आठवडाभर माळ्यावरच्या खोलीत सोल्डरिंगचा वास. शेवटी यंत्र तयार झालं. सुरुवातीला जमिनीवर एक छोटी पट्टी, मुलीने हात उचलला की घड्याळ आपोआप सुरू. शेवटी दोन काठ्या, मधून लाल किरण, तो छातीने तुटला की घड्याळ बंद. माझी दोरी त्याने बाजूला ठेवली. ओली दोरी आखडते, ताणली की लांबते, असं म्हणून लेसरने अंतर मोजलं आणि दोन खिळे ठोकले. मिलिमीटरचीही चूक नाही, असं तीनदा सांगितलं.

मुलगी धावली. यंत्राने दाखवलं पाच पूर्णांक नऊ.

पुन्हा धावली. पाच पूर्णांक नऊ. तिसऱ्यांदा धावली तेव्हा दमली होती, सहा.

तिने बाटली उचलली, सायकलवर बसली आणि आमच्याआधी घरी गेली. आम्ही पोचलो तेव्हा पलंगाच्या वरचं पत्र काढलेलं होतं. भिंतीवर चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे होते.

"आई, इट्स ओके," ती म्हणाली. "आय वॉज नेव्हर दॅट फास्ट."

ते वाक्य मला फार लागलं. मी नवऱ्याला नाही नाही ते बोलले. "तुझ्या त्या किरणांनी पोरीचा जीव काढून घेतला," म्हणाले. तो म्हणाला, "मी फक्त खरं काय ते दाखवलं." मग मी तोंडाला कुलूप लावलं आणि त्यानेही. दोन दिवस स्वयंपाकघरात फक्त भांडी बोलत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दोरी पिशवीत घातली आणि एकटीच मैदानावर गेले. माझं बोट इतकं चुकीचं असूच शकत नाही, हे मला स्वतःलाच दाखवून द्यायचं होतं. नवऱ्याच्या पहिल्या खिळ्याला दोरी बांधली आणि दुसऱ्या खिळ्याकडे चालत गेले. दोरी मध्येच संपली. खिळा पुढे चांगली चार ढांगा लांब.

पहिल्यांदा वाटलं, नवरा म्हणतो ते खरं, पावसात आखडली वाटतं. पण आखडून आखडून किती आखडेल? मी गळ्यातली शिवणकामाची टेप काढली. ती कायम गळ्यातच असते, घरी विसरायचा प्रश्नच नाही. गुडघ्यावर बसून ती उरलेली जागा मोजली. साडेतीन मीटरला थोडी कमी. कुत्रं फिरवणाऱ्या एका आजोबांनी 'काही हरवलंय का' म्हणून विचारलं. मी त्यांना नाही म्हणेपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं. यार्ड म्हणजे वार! एका वाराचे छत्तीस इंच, मीटर त्याहून तीन-साडेतीन इंचांनी मोठा. आमच्या आईने आयुष्यभर कापड वारावर घेतलं, मला ते झोपेतसुद्धा येतं. नवऱ्याने चाळीस वारांच्या जागी चाळीस मीटर मोजले होते.

मी तिथूनच फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, तरी उचलला.

"तू चाळीस काय मोजलंस?"

"म्हणजे? चाळीस."

"चाळीस काय?"

तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "अरे देवा."

त्याचं म्हणणं असं की पत्र त्याने वाचलंच नव्हतं. मुलगी घरात नुसतं 'चाळीस' म्हणायची आणि ज्याने शाळेपासून मीटरशिवाय काही वापरलं नाही त्याला दुसरी शंका येणार कुठून. मिलिमीटरचीही चूक नसलेली साडेतीन मीटरची चूक! मला इतकं हसू आलं की मी गवतावर बसले. तो मीटिंग सोडून, घरातल्या चपला घालून, सायकल दामटत मैदानावर आला. आधी मला जवळ घेतलं, मग खिळा उपटला. मुलीला सांगितलं तेव्हा ती बापाला डचमध्ये असं काही बोलली की त्याचं भाषांतर मी मागितलं नाही.

तोवर नियम जरा सैल झाले होते, म्हणून पुढच्या शनिवारी कोचही आले. योग्य अंतर, यंत्र लावलेलं, व्हिडिओ चालू, शेवटच्या रेषेवर एका बाजूला कोच आणि दुसऱ्या बाजूला मी, दोघांच्या हातात घड्याळ. धाव एकच. माझं घड्याळ म्हणालं पाच पूर्णांक दोन. कोचचं, पाच पूर्णांक तीन. यंत्र म्हणालं पाच पूर्णांक चार तीन.

मी कोचकडे बघितलं. ते हसत म्हणाले, "असंच होतं. ती हलल्याचं आपल्याला उशिरा कळतं, म्हणून घड्याळ उशिरा सुरू होतं. पण ती येताना मात्र दिसते, म्हणून आपण बरोबर वेळेवर थांबवतो. मधली वेळ तिला फुकट मिळते."

"आणि माझी तुमच्यापेक्षाही कमी कशी?"

"तुम्ही आई आहात," ते म्हणाले. "ती पोचायच्या आधीच तुम्ही तिला पोचवता."

मला लाज वाटली. थोडा रागही आला. महिनाभर मी छातीकडे बघत होते असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

तरीही संध्याकाळी मी म्हणाले की हाताचा आकडाच पाठवू. पत्रात दोन्ही चालतं लिहिलंय, सगळ्या मुली हाताचाच पाठवणार, कोचही तसंच म्हणाले. पाच पूर्णांक चार तीन म्हणजे अगदी कडेला उभं राहिल्यासारखं. एवढं सगळं करून त्या बाईंनी कागद बाजूला ठेवला तर? नवऱ्याने तर गेल्या वेळेपासून आकड्यांवर मत देणं सोडलं होतं.

मुलगी म्हणाली, "नो. बाबांचा नंबर." आणि पाच पूर्णांक चार तीन, पुढे 'यंत्राने', असं लिहून पाठवून दिलं. मी रागाने उठून भांडी घासायला गेले. पोरीला अक्कल कधी येणार, असं नळाला सांगितलं.

उत्तराला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी सहा ब्लाउज बिघडवले.

ईमेल आली तेव्हा आम्ही जेवत होतो. तिने मोठ्याने वाचली. बाईंनी लिहिलं होतं: आलेल्या प्रत्येक व्हिडिओवर मी स्वतः पुन्हा वेळ मोजते. बहुतेक मुलींची वेळ त्यांनी लिहिलेल्यापेक्षा जास्त निघाली, कुणाची तर बरीच जास्त, आणि त्यांच्याबद्दल आता काय करायचं हे मला कळत नाही. तुझी मोजली, तू लिहिलेलीच आली. ऑगस्टमध्ये ये, टीममध्ये तुझी जागा ठेवली आहे.

नवऱ्याने तिला उचललं, सतरा वर्षांच्या घोडीला, आणि दोघं नाचायला लागले. मी मात्र ताटावरच बसून राहिले. माझं ऐकलं असतं तर तिचं नाव त्या दुसऱ्या मुलींत असतं, आणि ते मी केलं असतं, मायेने. मी तिला जवळ बोलावलं आणि म्हटलं, "मी चुकले गं." ती म्हणाली, "आय नो," आणि माझ्या ताटातली पोळी उचलून खायला लागली.