नितळ राहिलेली नळी
माझ्या सुनेने कांद्यावर व्हिनेगर ओतलं की त्या आंबट वासासरशी मी इंग्रजी अमदानीतल्या रत्नागिरीच्या दवाखान्यात जाऊन पोचते. तिथे मी नर्स होते. बंदराकडची एक विधवा आपल्या पहिलटकरीण सुनेला घेऊन आली होती. मुलगा बोटीवर खलाशी. पोरीचे पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं, रक्तदाब चढलेला. डॉक्टरांनी तिची सकाळची लघवी बाटलीतून आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सासूने पदराखालून बाटली काढून दिली. मी काचेच्या नळीत घेऊन ती स्पिरिटच्या दिव्यावर उकळली, वर त्याच आंबट वासाच्या अॅसिडचे थेंब टाकले. लघवीतून प्रथिनं जात असती, म्हणजे झटक्यांचा धोका असता, तर नळीत पांढरं साकळलं असतं. नळी नितळ राहिली. डॉक्टरांनी पोरीला घरीच पडून राहायला सांगितलं. पुढच्याच आठवड्यात तिला डोलीत घालून आणलं, ते झटके येत असतानाच. या खेपेला लघवी मी स्वतः काढली. उकळताच नळीत अंड्याच्या पांढऱ्यासारखा थर धरला. सासू बघत उभी होती. “बाय, तवाची बाटली माजी होती गो,” ती म्हणाली, “पोटुशी बाईचा केससुदा उंबऱ्याभायर जाऊ देत नाय आमी, कोण करणी करील म्हणून.” संध्याकाळी पोर गेली, पोटातल्या बाळासकट. पायरीवर बसलेल्या सासूने मला एवढंच विचारलं, “तवा तिचीच आणली असती, तर तुला दिसला असता?” मी म्हटलं, “नाही.” अजूनही तो वास आला की पायरीवरची ती सासू विचारते, आणि मी नाहीच म्हणते.