थंड खोलीतला नकार

त्या इस्पितळात संगणक सांभाळणाऱ्याला सगळे कुलूपभाऊ म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. स्वभाव तिरसट, पण एक गुण लाखाचा: तक्रार आली की आधी यंत्राची उलटतपासणी, मग माणसाची.

एके सकाळी रक्त तपासणाऱ्या ताई त्याच्या दारात उभ्या राहिल्या. प्रयोगशाळेत सर्वांत जुन्या त्याच. टेबलावरच्या संगणकावर त्यांनी पासवर्ड बदलला की तिथे तो चाले. आतल्या थंड खोलीतही तोच चालायला हवा, पण तिथलं यंत्र म्हणे, चुकीचा. महिनाभर हेच. बाकीच्यांचं तिथे सुरळीत चाले, म्हणून मंडळींनी निदान करून टाकलं होतं, "ताई, वय झालं की होतं असं." आणि प्रेमाने आणखी एक नवा पासवर्ड करून देत. असलं प्रेम काय चाटायचंय!

"भाऊ, खरं सांगू?" ताई हळूच म्हणाल्या. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी तिला मीसुद्धा ओळखू येईना. माझ्या हातून कुणाचा रिपोर्ट चुकायच्या आत मी नोकरी सोडते."

"सोडा की. पण आधी मला बघू तर द्या."

थंड खोलीत ताई पासवर्ड टाकू लागल्या, तसं त्याने नेमाप्रमाणे भिंतीकडे तोंड केलं. चुकीचा. त्याने नोंदी चाळल्या, तर सगळ्यांचे पासवर्ड सांभाळणाऱ्या मोठ्या सर्व्हरला हे यंत्र ताईंबद्दल विचारतच नव्हतं. नवं बिघडलं म्हणून महिन्यापूर्वी हे जुनं लिनक्सचं यंत्र अडगळीतून काढलेलं. ते आधी स्वतःच्या पोटातली यादी बघे, नाव तिथे नसेल तरच सर्व्हरला विचारे, आणि त्या यादीत सर्व्हर येण्याआधीच्या माणसांपैकी एकच नाव उरलं होतं, ताईंचं. भाऊला हसूच फुटलं.

"ताई, हे यंत्र नवंकोरं आलं होतं, तेव्हाचा पासवर्ड आठवतो?"

"अगं बाई! तेव्हा माझी लेक पहिलीत होती!"

"टाकून तर बघा." तो पुन्हा भिंतीकडे वळला.

कीबोर्ड खडखडला, कुठेही न अडखळता. त्याने वळून पाहिलं. यंत्राने ताईंना आत घेतलं होतं, आणि त्या कोटाच्या बाहीने डोळे पुसत हसत होत्या.

भाऊने यादीतली ताईंची जुनी नोंद काढून टाकायला कीबोर्ड ओढला.

"थांबा हो," ताई म्हणाल्या. "अजून एकदा टाकू द्या ना."