एक नंबरची जागा देवीच्या नावावर

हसायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. म्हणजे हसा, पण चहा संपल्यावर. कुणाला ठसका लागला तर त्याचीही नोंद माझ्याच नावावर व्हायची!

मी तलासरीकडच्या एका पंचायतीत कारकून. गावच्या जत्रेत दुकानं लावायचे परवाने माझ्याकडे. दरवर्षी वहीत खाडाखोड, दरवर्षी भांडणं. म्हणून यंदा वरून फर्मान आलं, परवाने ब्लॉकचेनवर. म्हणजे काय, तर प्रत्येक परवाना आधीच्या परवान्याला साखळीसारखा जोडलेला. एकदा नोंद झाली की ब्रह्मदेवालाही पुसता येणार नाही. हे मी गावभर छाती फुगवून सांगितलं. जयवंतीबाईंना तर तीनदा. बाई बारा वर्षं देवळाच्या पायरीजवळ, एक नंबरच्या जागेवर, भजी तळतात. जत्रेच्या त्या आठ दिवसांवर त्यांचं अर्धं वर्ष निघतं. म्हटलं, यंदा तुमची जागा कुणी पळवू शकणार नाही.

पळवली कुणी? मीच.

आता मला सांगा, नवी वही उघडली की पहिल्या ओळीत देवाचं नाव घालतात की नाही? वही जाऊन कॉम्प्युटर आला म्हणून देव सोडायचा? मी पहिल्या रकान्यात टाकलं, 'श्री गावदेवी प्रसन्न'. कॉम्प्युटरने जागेचा नंबर मागितला. पहिली ओळ म्हणून एक टाकला. मोबाईल नंबर मागितला. देवीचा कुठून आणू? माझा टाकला. मग हात जोडले आणि 'मंजूर' दाबलं.

झालं! एक नंबरची जागा देवीला.

तालुक्याला फोन लावला. साहेब म्हणाले, अर्जदाराने रद्द करायचा अर्ज करावा. देवीच्या वतीने मीच अर्ज केला, आणि मीच मंजूर करायला गेलो. तर अर्जदार आणि मंजूर करणारा यांचा मोबाईल एकच चालत नाही म्हणे! साहेब शांतपणे म्हणाले, "बघा, किती सुरक्षित आहे." कपाळ टेबलावर आपटून घ्यावंसं वाटलं.

जयवंतीबाई कढई घेऊनच पंचायतीत आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. खाली बसून त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, तपासणीला माणूस आला तर काय? मी सांगितलं, तो रोज येणार, परवान्यावरच्या मोबाईलवर ओटीपी पाठवणार, आणि तो तिथल्या तिथे सांगायचा.

"भाऊसाहेब, देवीची भजी मी तळते. पण मोबाईल कुणाचा?"

"माझा."

"मग चला."

आठ दिवस रजा टाकून बसलो हो त्या कढईशेजारी! नुसतं कोण बसू देतंय? कांद्याची टोपली पुढ्यात आली. अख्ख्या तालुक्याने येऊन बघितलं. तालुक्याचे साहेबही आले, दोन प्लेट खाऊन गेले.

शेवटच्या दिवशी बाई कढई घासता घासता म्हणाल्या, "भाऊसाहेब, पुढच्या साली पहिल्या ओळीत माझं नाव टाका. देवीला काय बोलायचं? पण तिने पाठवलेल्या माणसाला साधा कांदा कापता येत नाही."