समोरच्याची भवानी

हौसामावशी आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायची. साताऱ्याच्या जुन्या चौकात तिचं मिरचीचं दुकान. दुकान म्हणजे चार पोती आणि वर ताडपत्री. सकाळची पहिली विक्री, म्हणजे भवानी झाली, की पुढच्या गिऱ्हाइकाला ती समोर बोट दाखवायची. "गणपतकडं जावा. त्येची व्हायची हाय."

दर उन्हाळ्यात मी रहिमतपूरहून मसाल्याची यादी घेऊन जायची. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी. मला सगळं एका जागी उरकायचं असे. बेडगी घेतली की मावशी म्हणायची, "संकेश्वरी गणपतकडं."

"मावशी, तुमच्या पोत्यात दिसतेय की!"

"दिसू दे. तुमची एसटी चुकली तर दुसरी येती, ताई. त्येचा दिवस मोकळा गेला तर?"

बायपासला नवं मार्केट उठलं, तेव्हा चौकातल्या सगळ्या दुकानदारांनी देवळात भंडारा उचलून शपथ घेतली, कुणी हलायचं नाही. पहिला हात गणपतचा. मावशीनं मला हे कौतुकानं सांगितलं होतं. "म्हनला, मावशी, तू हाईस तवर मी हाय." त्या शब्दावर तिनं नव्या मार्केटात तिच्या नावानं मिळालेला गाळा सोडून दिला.

यंदा गेले तर चौकात मोटारी लावलेल्या. सगळी शटरं खाली. मावशी एकटी बसलेली.

"पाडव्याला गेली समदी," मिरचीची देठं खुडत ती म्हणाली. "गणपत मला पेढा द्यायला आलता. मी सोडलेला गाळा त्येनंच घेतलाय. दोन गाळं एक केल्यात."

मी बेडगी घेतली. तीच भवानी. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला थांबला. "मावशी, किलोभर संकेश्वरी द्या."

सवयीनं तिचं बोट समोर गेलं. "तिकडं जावा."

"तिकडं कोन हाय? शटर देतंय व्हय मिरची?" तो हसला.

मावशी हसली नाही. "मग थांबावं लागंल. त्येची झाल्याबिगार मी इकत न्हाई."

तो पुटपुटत बायपासकडे गेला. मावशी उठली आणि पोत्यांची तोंडं बांधायला लागली.

"मावशी, अजून सगळा दिवस आहे. असं कसं चालेल?"

"त्येंनी मोडलं, ताई. मी कशापायी मोडू?"

संकेश्वरी मी मागितली नाही. बायपासलाही गेले नाही. यंदा आमच्याकडचा मसाला नुसता लाल झाला, तिखट झाला नाही.