पांढऱ्याची सवय

कापडाच्या नक्षीच्या खोलीत तिचं अर्धं आयुष्य गेलं, आणि तिथे तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांची ती सफेदाताई. तिच्या उजव्या हाताशी पांढऱ्या रंगाची बरणी कायम उघडी असे. लाल फिका करायचाय, घाल पांढरा. हिरवा अंगावर येतोय, घाल पांढरा. रेघेबाहेर गेलं, डाग पडला, नक्षीकाराने आयत्या वेळी नक्षीतलं पान फिरवलं, की मार पांढऱ्याचा एक हात, वाळू दे, आणि वरून नव्याने काढ. त्या खोलीतले रंग सायीसारखे दाट. खालचं सगळं गिळून वर तोंड पुसून बसणारे. तिच्या हातून चुका होत नसत असं नाही; होत, पण मागे राहत नसत. नक्षीकार कागद हातात घेऊन म्हणायचा, "ताई, हे तुम्ही दोनदा केलंय की तीनदा?" आणि ती म्हणायची, "ओळखून दाखवा." त्याला ते कधी जमलं नाही.

पुढे नक्षी संगणकावर होऊ लागली आणि खोलीला कुलूप लागलं. ती घरी बसली. नवरा लिफ्टदुरुस्तीला सकाळी बाहेर पडला की घरात फक्त फ्रिज बोलायचा. मग एक दिवस सुनेचा फोन आला. मुलगा आणि सून दुसऱ्या शहरात, बाळ लहान, सुनेची रजा संपत आलेली.

"आई, तुम्ही आता मोकळ्याच आहात ना?"

सून बोलायला गोड, मनानेही वाईट नव्हती. पण तो 'मोकळ्याच' शब्द सफेदाताईला काट्यासारखा लागला. ती पटकन म्हणाली, "मोकळी कुठली? एका ठिकाणी काम मिळतंय. आठवडाभर बघणार आहेत ते मला."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर येते."

शब्द गेला तो गेला. नातवाचा तिला कंटाळा नव्हता. पण हातातला ब्रश एकदा सुटला की तो परत हातात येत नाही, हे तिने खोलीतल्या इतर बायकांचं पाहिलं होतं. त्या आता भेटल्या तर गुडघ्यांबद्दल बोलत.

काम खरंच होतं, एका छापखान्यात. जुन्या कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून तिथे झाडाफुलांची चित्रं काळ्या रेघांत छापायचे, मग बायका त्यांत हाताने रंग भरायच्या आणि पानांची पुस्तकं बांधली जायची. वरच्या मजल्यावर खिडक्यांखाली लांब टेबल, प्रत्येकीपुढे पाण्याची दोन भांडी, चिनी मातीची बशी, टीपकागद. आणि या सगळ्यावर देखरेख करायला चिमणी.

ही चिमणी कधीकाळी नक्षीच्या खोलीत सफेदाताईच्या हाताखाली होती. दिवसभर चिवचिव करायची म्हणून ते नाव. ब्रश नीट धुतला नाही म्हणून सफेदाताईने तिला रडवलेलंही होतं. आता टेबलावरच्या बायका तिला मॅडम म्हणत होत्या. सफेदाताईच्या जिभेवर ते येईना.

"ताई, काम रंग भरायचंच आहे," चिमणी म्हणाली. "फक्त छापलेली रेघ वरून दिसली पाहिजे. सगळी. केसासारखी असली तरी. आठवड्यात बांधणीला जाईल असं एक पान मला द्या, की तुमची खुर्ची पक्की."

"एकच?"

"एकच."

सफेदाताईला हसूच आलं. समोर भोपळ्याचं फूल होतं. पाकळ्यांवर शिरांचं बारीक जाळं, देठावर लव. तिने डोळ्यांनीच पिवळा ठरवला, पिशवीतून स्वतःची बरणी काढली, बोटभर पांढरा बशीत घेतला आणि चहा यायच्या आत फूल भरून मोकळी झाली. सपाट, गुळगुळीत, कडेला एक थेंब बाहेर नाही.

चिमणी येऊन उभी राहिली. "फूल कुठे गेलं?"

"हे काय समोर."

"हा पिवळा ठिपका आहे, ताई. शिरा कुठायत?"

शिरा नव्हत्या. तांब्यावर कुणीतरी जीव ओतून कोरलेल्या सगळ्या रेघा त्या गुळगुळीत पिवळ्याखाली गेल्या होत्या. शेजारची चष्मेवाली मान न वळवता म्हणाली, "भिंत रंगवायला बोलावलंय का यांना?" टेबलावरून खुसखुस फिरली.

"पांढरा बंद," चिमणी म्हणाली. "इथे पांढरा कुणीच वापरत नाही. फिका करायला पाणी."

"पाण्याने रंग फिका नाही होत, पातळ होतो."

"तेच हवंय."

"आणि जिथे पांढरंच दाखवायचं असेल तिथे?"

"कागद आहे ना पांढरा. तेवढा सोडायचा."

सोडायचा! आयुष्यभर तिला शिकवलं होतं की कोरी जागा म्हणजे कामचुकारपणा. बोटाएवढं पांढरं फूल असलं तरी ते पांढऱ्याने भरायचं. न भरता पांढरं कसं म्हणायचं? हे म्हणजे न रांधताच जेवायला वाढणं.

दुसऱ्या दिवशी तिने बरणी पिशवीतच ठेवली. पाणी घेतलं. पिवळ्यांमधला आपल्या आवडीचा, अंड्याच्या बलकासारखा पिवळा घेतला, भरपूर पातळ केला आणि लावला. रेघा ओल्यात दिसल्या, तिचा जीव भांड्यात पडला. वाळल्यावर पुन्हा गेल्या. पाण्यात कालवलेली राख खाली बसावी तसा तो पिवळा शिरांवर बसला होता.

"आता काय?" ती ओरडलीच. "पांढरा घातलाय का मी? घातलाय का, सांग!"

चिमणीने कागदाची एक पट्टी आणली. त्यावर पक्क्या शाईची जाड काळी रेघ ओढलेली. म्हणाली, "बशीतला प्रत्येक रंग या रेघेवरून आडवा ओढा. वाळू द्या. मग बघा."

सफेदाताईने ओढले. एक निळा रेघेवर पडला आणि रेघेपाशी जणू नव्हताच; काळं काळंच राहिलं. किरमिजीचंही तसंच. पण बलकासारखा पिवळा काळ्या रेघेवर सरळ चढून बसला होता, पायपुसणं टाकावं तसा. विटकरी लालही. ज्या ज्या रंगांवर तिचा आयुष्यभर भरवसा होता ते सगळे झाकणारे निघाले. पांढरा घाला नाहीतर घालू नका, झाकणं त्यांच्या अंगातच होतं. तिने त्या पट्टीकडे असं पाहिलं जसं घरातलंच कुणी फितूर निघावं.

"हा घ्या," चिमणीने दुसरी ट्यूब पुढे केली. बशीत तो पिवळा मातकट, मळका दिसत होता. कागदावर पाण्यात पसरला तेव्हा उजळला, कारण उजेड त्याचा नव्हता, कागदाचा होता. शिरा दिसल्या. वाळल्यावरही दिसल्या.

सफेदाताई खूश व्हायच्या बेतात होती, तेवढ्यात तिला एका पाकळीवर रंग जरा कमी वाटला. ओल्यातच तिने दुसरा हात मारला. पाणी मागे सरकलं, कडेला जमलं, आणि वाळल्यावर पाकळीवर कोबीच्या पानासारखा दातेरी कडांचा डाग उमटला. तो घालवायला तिसरा हात मारला तर कागदाची साल निघाली.

त्या आठवड्यात तिने किती फुलं वाया घालवली याला गणती नाही. दाट रंगात प्रत्येक नवा हात आधीच्याला सांभाळून घ्यायचा. इथे प्रत्येक हात आधीच्याची चुगली करत होता. पहिल्या रंगात हात थरथरला असेल तर तिसऱ्या रंगातून ती थरथर तशीच वर दिसे. माणसाने मनातलं मनात ठेवायचं की नाही? तिला संताप यायचा तो रंगाचा, पाण्याचा, चष्मेवालीच्या कोरड्या, सराईत मनगटाचा. आणि सर्वांत जास्त स्वतःच्या हाताचा. डोक्याला सगळं कळत होतं. हाताला कळत नव्हतं. हात पांढऱ्याकडे जायचा, बरणी नसे, आणि हवेत तसाच थांबायचा.

संध्याकाळी ती घरी जेवणाच्या टेबलावर सराव करायची. नवरा चहाचा कप कुठे ठेवायचा ते शोधत उभा राहायचा.

"छान आहे की."

"काय छान आहे?"

"पिवळं आहे."

"डोंबल तुमचं! शिरा दिसतायत का?"

"चष्मा आणू?"

"चष्मा लावून दिसायच्या असतील तर बायको कशाला हवी रंगवायला!"

"अगं, चिडतेस कशाला? नाही जमलं तर नाही. बाळाकडे जाशील, मजेत राहशील."

"तुम्ही जा. तुम्हाला बाटली देता येते ना?"

तो कप हातातच घेऊन खिडकीकडे गेला. तिचंही बोलणं दाट होतं. एकदा लावलं की मागचं झाकूनच टाकायचं.

शेवटच्या दिवशी मात्र कसं कोण जाणे, हात गप्प बसला. कदाचित दमला असेल. पहिला पाण्याचा हात तिने लावला आणि पुरता वाळेपर्यंत हाताची घडी घालून बसून राहिली. मग दुसरा, फक्त सावलीच्या भागात. पाकळीची उन्हातली कड कोरी सोडली. निळ्यावर पिवळा चढवून देठाचा हिरवा केला, खालची लव एकेक दिसत होती. चिमणी मागे येऊन थांबली आणि काही न बोलता पुढे गेली. चिवचिव करणारी बाई गप्प गेली, म्हणजे काम जमलं होतं. चष्मेवालीनेही एकदा मान वळवली.

फक्त देठाजवळचं शेवटचं पान, बशीत कालवलेल्या हिरव्याने, भरायचं राहिलं होतं. ब्रश उचलला आणि त्याच्या टोकावरून हिरव्याचा एक थेंब फुलाशेजारच्या कोऱ्या कागदावर पडला. मोहरीएवढा.

तिने टीपकागद लावला. थेंब गेला, फिकट हिरवा ठिपका राहिला. तो हिरवा कागदात मुरणारा होता, निघेना.

पुढचं तिने केलं असं म्हणता येणार नाही, ते झालं. चिमणी दुसऱ्या टोकाला होती. पिशवीतून बरणी आली. कागद पुरता पांढरा नव्हता, म्हणून पांढऱ्यात पिवळ्या मातीचा रंग कणभर मिसळला गेला. ब्रशच्या टोकाने ठिपक्यावर एक टेकवण, वाळल्यावर आणखी एक, मग नखाने हलकेच घासून ती जागा कागदाशी एकसारखी केली. ठिपका होता कुठे ते तिचं तिला सापडेना. आठवडाभरात पहिल्यांदा तिला आपला हात आपला वाटला. तिने पान भरलं आणि कागद चिमणीपुढे ठेवला.

चिमणीने तो सपाट धरून पाहिला, मग तिरका धरून पाहिला. चेहरा उजळला. "ताई, हे तर..." म्हणत तिने कागद खिडकीच्या काचेला लावला. प्रत्येकीचं पान ती असं उजेडाला धरायची, रंग सारखा बसलाय का ते बघायला. सफेदाताईने आठवडाभर हे पाहिलं होतं. आपल्या पांढऱ्याचं तिथे काय होईल, हे मनातही आलं नव्हतं.

उजेड पाकळ्यांमधून आरपार आला. फूल पेटल्यासारखं दिसलं, शीर न शीर. आणि फुलाशेजारी, कोऱ्या कागदात, मोहरीएवढा काळाकुट्ट ठिपका. छापलेल्या रेघा सोडल्या तर सगळ्या कागदावर उजेड अडवणारी तेवढीच जागा होती.

चिमणीने ठिपक्यावर बोट टेकवलं. मग हळू म्हणाली, "माती मिसळलीत ना? नखाने घासलंत. तुम्हीच शिकवलंय मला हे."

"डाग होता, चिमणे. हिरवा. एवढासा."

"मग राहू द्यायचा."

"राहू दिला असता तर घेतलं असतंस?"

"घेतलं असतं. या टेबलावर बिनडागाचं पान कुणाचंच नसतं."

हे ऐकून सफेदाताईच्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे डाग चालला असता! तिने कागद ओढून घेतला, ओला ब्रश फिरवून पांढरा उचलायला सुरुवात केली. तो सुटला, पण हिरव्यात मिसळून दुधाळ चट्टा झाला, रुपयाएवढा, आणि त्याखाली कागद फुलून आला.

"ताई, राहू द्या."

"आणखी एक पान दे. उद्या देते करून."

"उद्या दुसरी बाई येणार आहे. माझ्या हातात असतं तर..." चिमणीने वाक्य तिथेच टाकलं. तिच्या हातात थोडंसं होतं, हे दोघींनाही माहीत होतं. पण एकीने पांढरा वापरला आणि तो चालला, की उद्या सगळं टेबल वापरणार, हेही.

सफेदाताई जिन्यात आली आणि तिथेच उभं राहून तिने फोन लावला. घरी गेली असती तर नवऱ्याने समजूत घातली असती, आणि ती तिला नको होती.

"मी येते," ती म्हणाली.

"खरंच? आई, किती बरं झालं! मला वाटलं तुमचं ते काम..."

"नाही मिळालं. हातचं घालवलं."

पलीकडे बाळ रडत होतं. "मग कधी येताय?"

"सोमवारी. पण ऐक. बाळ दुपारी झोपतं ना? तेव्हा मला टेबल लागेल. त्याच्यावर काही ठेवायचं नाही. इस्त्रीचे कपडे नाहीत, दुधाच्या बाटल्या नाहीत."

"टेबल कशाला, आई?"

"फुलं बिघडवायला," सफेदाताई म्हणाली. "बरीच बिघडवायची राहिलीत."

सुनेला ती थट्टा वाटली, ती हसली. सफेदाताई हसली नाही. फोन ठेवून ती जिना उतरू लागली, आणि प्रत्येक पायरीला आपल्या उजव्या हाताला मनातल्या मनात शिव्या घालत राहिली.