भुंगेऱ्यावरून पुसलेली बुरशी

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी बुरशीबाई मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या होत्या आणि त्यांना काहीच दिसत नव्हतं. मायक्रोस्कोप ठीक होता. त्याखालचा भुंगेरा मात्र भलताच स्वच्छ होता.

संग्रहालयाच्या कीटक विभागात त्यांना सगळे बुरशीबाईच म्हणतात, तोंडावर आणि पाठीमागेही. जमिनीवर पळणाऱ्या काळ्या भुंगेऱ्यांच्या अंगावर वाढणारी एक बुरशी ओळखणं हे त्यांचं काम. ही बुरशी जिवंत भुंगेऱ्याच्या कवचावर, पायावर, मिशीवर रुजते, त्याच्याच जिवावर जगते आणि सहसा त्याला मारत नाही. नुसत्या डोळ्यांना वाटतं, कवचाला केस चिकटलाय. मोठी करून पाहिली की काळ्या टाचेवर उभं असलेलं पिवळसर अंग दिसतं, त्यावर बीजाणूंची पिशवी आणि बाजूला फांद्या. प्रयोगशाळेत ती वाढवता येत नाही. टाचणीला टोचलेल्या मेल्या भुंगेऱ्यावर मात्र ती वाळून वर्षानुवर्षं तशीच राहते. अट एकच, कुणी हात लावता कामा नये.

या भुंगेऱ्याला हात लागला होता. नदीकाठच्या खडीत बाईंनी स्वतः तो पकडला होता. त्या खडीवर आता वाहनतळ झाला आहे. गेल्या आठवड्यात साध्या भिंगातून त्याच्या डाव्या कवचाच्या कडेला त्यांना एक बुरशी दिसली. पिशवीचं टोक वाकडं होतं, यापलीकडे भिंगातून काही कळत नव्हतं. आजवर कुणी न नोंदवलेली असेल, अशी शंका घ्यायला तेवढं पुरेसं होतं. सुईने ती उचलून काचपट्टीवर घ्यायची होती, पण बाईंना सर्दी झाली होती. एका शिंकेत माल उडाला असता, म्हणून त्यांनी चार दिवस थांबायचं ठरवलं.

त्यांनी भुंगेरा उलटा करून पाहिला, पाय पाहिले. मग त्या उठल्या आणि फोटोच्या खोलीत गेल्या.

संग्रहातला प्रत्येक भुंगेरा आता संगणकावर दिसणार आहे. त्यासाठी फोटो काढायला जी मुलगी घेतली आहे, ती बाईंच्या थोरल्या बहिणीची. ऑफिसात मॅडम म्हणायचं, असं बाईंनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"तिसऱ्या कपाटातले काळे भुंगेरे तू पुसलेस?"

"हो मॅडम. काय मळले होते. केसच केस. ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून एकेक काढला, कालचा अख्खा दिवस गेला त्यात. चमकतायत की नाही?"

"ते केस नव्हते."

भाचीच्या हातातला ब्रश तसाच राहिला. "मावशी, म्हणजे ती तुझी बुरशी? अगं, पण मला सांगितलंय तसंच केलं मी. वाच ना."

भिंतीवर सूचना चिकटवली होती. फोटोपूर्वी नमुन्यांवरील धूळ, तंतू आणि बुरशी काढून टाकावी. खाली विभागप्रमुखांची सही. हे गृहस्थ बाईंच्या खोलीपासून दोन दारं सोडून बसतात आणि बाईंच्या कामाच्या अहवालावर दरवर्षी तेच सही करतात.

बाई त्यांच्या दारात उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत.

"सर, सूचनेत बुरशी कुणी घातली?"

"सगळ्या संग्रहालयांत असते तीच सूचना आहे बाई. ओलाव्याने भुंगेऱ्यांना बुरशी लागते, ती काढायलाच हवी."

"ती मेल्यावर लागते. मी बघते ती जिवंतपणीच लागलेली असते. तुमच्या सहीने माझी नेमणूक झालीय ती हीच ओळखायला."

"भुंगेरे शाबूत आहेत ना? मग झालं तर. बुरशी काढली म्हणून तक्रार घेऊन आलेलं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय." ते हसले.

"जुनी पोथी स्वच्छ दिसावी म्हणून कुणी शाई खरवडून काढली, तर हसाल का?"

यावर ते म्हणाले की सूचना बदलायची तर समितीपुढे न्यावी लागेल आणि समिती पुढच्या महिन्यात बसते.

बाई परतल्या तेव्हा भाची त्यांच्या टेबलाशी काचेची बशी घेऊन उभी होती. "ब्रश यातच विसळत होते. अजून धुतली नाहीये."

बशीच्या तळाशी गाळ होता. बाई त्यात दुपारपर्यंत सुई फिरवत राहिल्या. जेवायला त्या गेल्या नाहीत, भाचीही गेली नाही. खरे केस निघाले, ब्रशचे तंतू निघाले आणि बऱ्याच साध्या, ओळखीच्या बुरश्या निघाल्या. शेवटी वाकड्या टोकाच्या तीन हाती लागल्या. मोठ्या मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर त्यातल्या दोन बुरश्यांना दोन-दोन फांद्या होत्या. ती जुनी, नोंदलेली जात. तिसरीला एकच फांदी होती. पिशवी भरलेली, अंग अखंड. अशी बुरशी कुठल्याच ग्रंथात नव्हती.

भाचीने आळीपाळीने दोन्ही डोळे लावून पाहिलं. "हीच ना ती?"

"माहीत नाही."

बातमी दोन दारं ओलांडून गेली आणि विभागप्रमुख स्वतः आले. "सापडली म्हणे. उगाच सकाळी डोकं तापवलंत. नाव द्या, आपल्या विभागाचं नाव होईल."

"कशावर होती लिहू?"

"तुम्हीच म्हणालात ना, नदीकाठच्या काळ्या भुंगेऱ्यावर, डाव्या कडेला."

"तिथे वाकड्या टोकाची एक होती. एका फांदीची की दोन, ते भिंगातून दिसत नव्हतं. काल या बशीत पाच ठिकाणच्या भुंगेऱ्यांवरून फिरलेला ब्रश धुतलाय. यातली कुठली कुणाच्या अंगावरची, ते आता कुणीही सांगू शकणार नाही."

"नव्वद टक्के तरी खात्री असेल की."

"पन्नासही नाही. आणि असती तरी लिहिलं नसतं. कुठल्या भुंगेऱ्यावर, कुठल्या जागी, यावर हिची निम्मी ओळख असते. चुकीचं लिहिलं तर पुढची माणसं तोच भुंगेरा शोधत फिरतील, आणि तोही जिथे आता गाड्या उभ्या राहतात तिथे."

"तुम्ही फार ताणता बाई."

"तुम्ही पुसायला सांगितलंत, सर. अंदाजाने भरायलाही तुम्हीच सांगताय. दोन्ही मी ऐकणार नाही."

ते गेले. जाताना दार त्यांनी लावलं नाही, ते भाचीने लावलं.

"मावशी, मला आधी दाखवलं असतंस तर?"

"दाखवायला हवं होतं. पण सही तुझी नाही, हे लक्षात ठेव."

काचपट्टीवरच्या चिठ्ठीत भुंगेऱ्याच्या नावापुढे बाईंनी 'अज्ञात' लिहिलं, जागेपुढेही तेच. नवं नाव दिलं नाही. काचपट्टी पेटीत ठेवली आणि पेटी त्यांच्या स्वतःच्या कपाटात.

भिंतीवरची सूचना अजून तशीच आहे. उद्या साडेनऊला फोटोसाठी चौथं कपाट उघडतं. भाची साडेआठला येते आहे, मायक्रोस्कोप फोटोच्या खोलीत हलवायला.