थोरल्या दिराचा फोटो

काळ्या दगडाचा फोटो काढणं महाकठीण. समोरून उजेड टाकला तर दगड सपाट दिसतो, वरून टाकला तर नुसता चकाकतो. दिवा बाजूला, अगदी खाली ठेवावा, तेव्हा कुठे टाकीच्या खुणा दिसायला लागतात.

हे शहाणपण मला लंडनच्या पूर्वेकडच्या एका म्युझियममध्ये आलं. बोटीतून उतरलेली परदेशी माणसं पूर्वी ज्या इमारतीत चार दिवस मुक्काम करायची, तिथेच आता त्यांच्या वस्तू मांडल्या आहेत. निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी मी पिनरहून ट्रेनने तिथे जाते आणि कॅटलॉगसाठी फोटो काढते. कुणाचं शिवणयंत्र, कुणाची किटली, कुणाचा एकुलता एक बूट. सगळ्यांचे काढून झाले, पण एका पाटा-वरवंट्याचा फोटो मी टाळत होते. खालच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘वाटण्याचा दगड, भारत. देणगीदार अनामिक.’

ती अनामिक मी.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये होत्या आणि घरी नवीन किचन बसवायचं चाललं होतं. बिल्डर म्हणाला, हा दगड कुठे ठेवू? म्युझियमवाले जुन्या वस्तू मागतच होते. मी तो गाडीत घातला आणि देऊन आले. मोठं पुण्यकर्म केल्यासारखं वाटलं होतं मला! सासूबाई घरी आल्यावर मात्र माझं तोंड उघडेना. “शेडमध्ये ठेवलाय,” म्हणाले. त्यांनी विश्वास ठेवला, आणि त्या विश्वासाचंच मला जास्त ओझं झालं.

मग आमच्या लेकीला मुलगी झाली. रविवारी हॅरोतल्या एका हॉलमध्ये बारसं ठरलं. सोमवारी सकाळी चहा घेताना सासूबाई म्हणाल्या, “शेडमधला वरवंटा काढून धुऊन ठेव गं.”

आमच्याकडे बारशाला आधी वरवंट्याला टोपडं घालतात. बायका पाळण्याच्या वरून-खालून तो एकमेकींच्या हातात देतात, पाळण्यात निजवतात आणि त्यानंतर बाळाची पाळी. माझ्या नवऱ्याचं बारसं हॅरोतल्या भाड्याच्या एका खोलीत झालं. वरवंटा पलीकडून घ्यायला दुसरी मराठी बाई नव्हती, म्हणून सासूबाईंनी खालच्या मजल्यावरच्या आयरिश घरमालकिणीला बोलावलं. दुपट्यात गुंडाळलेला वरवंटा पाळण्याखालून हातात आला तेव्हा तिला वाटलं, हेच बाळ. तिने पटकन मानेखाली हात धरला आणि म्हणाली, “केवढं गं जड!” दगड आहे हे कळल्यावरही तिने तो हात काढला नाही. ही गोष्ट सासूबाई मुलाच्या प्रत्येक वाढदिवसाला सांगतात आणि त्या हातापाशी आल्या की स्वतःचा हातही तसाच धरून दाखवतात.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगून टाकलं.

“दिलास?” त्यांनी कप खाली ठेवला. “मग मी बारशाला येऊन काय करू?”

त्यानंतर दोन दिवस ‘हो’ आणि ‘नको’ यापलीकडे शब्द नाही. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. गुरुवारी मी कॅमेऱ्याची बॅग घेऊन खाली आले, तर त्या कोट घालून दाराशी बसलेल्या.

“चल. कुठे ठेवलायस, बघते तरी.”

म्युझियममधल्या मुलीला मी सगळी हकिकत सांगितली. तिने काचेचं कपाट उघडलं. सासूबाईंनी सवयीने हात पुढे केला, तशी ती हळूच म्हणाली, “सॉरी, आधी ग्लोव्हज घालावे लागतील.” चाळीस वर्षं ज्या दगडावर वाटण वाटलं, त्याला शिवायला हातमोजे! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सासूबाईंनी शहाण्या मुलीसारखे ते निळे, बोटांना सैल होणारे मोजे घातले. मुलीने वरवंटा उचलला. निसटू नये म्हणून तिने एका टोकाखाली हात धरला होता.

“बघ, हीसुद्धा मान धरते,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मग माझ्याकडे वळल्या. “तुझा थोरला दीर आहे हा. तुझ्या नवऱ्याच्या आधी पाळण्यात निजलाय. थोरल्या दिराला घराबाहेर काढताना मला विचारायचंस तरी!”

“चुकलं माझं, आई.”

“चुकलंच.” बराच वेळ त्या पाट्यावरून बोटं फिरवत राहिल्या. “इथे बरा आहे तसा. चार माणसं बघतात. आता फोटो काढ, नीट काढ. आणि ते अनामिक-बिनामिक खोडायला सांग. आम्ही काय चोरून आणला होता?”

मी दिवा बाजूला, खाली ठेवला. पाट्याच्या कडेच्या खुणा उमटल्या. मधे मात्र, त्यांचे हात जिथे रोज फिरले, तिथे दगड अगदी गुळगुळीत झाला होता. मला लेन्समधून धड दिसेना. फोकस कॅमेऱ्यानेच केला.

वरवंटा बाहेर नेऊ देणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. मी त्याचा फोटो त्याच्याच मापाचा छापून घेतला आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवला. बारशाच्या सकाळी तो टेबलावर पाहून लेक हसत सुटली, “मम्मा, आर यू सीरियस? फोटोला टोपडं?” सासूबाई येणार की नाही, ते अजूनही सांगेनात. पण लेकीने गाडी काढली तेव्हा त्या आधीच पुढच्या सीटवर बसल्या होत्या. मांडीवर टोपडं होतं.

हॉलमध्ये पंचवीस-तीस मराठी बायका होत्या, कुणीही पुढे झाली असती. सासूबाईंनी मलाच हाक मारली. मी पाळण्याच्या अलीकडे, त्या पलीकडे. मी खाली वाकून टोपडं घातलेला फोटो पुढे सरकवला. पुठ्ठ्याला कसलं आलंय वजन! तरी घेताना त्यांनी त्याच्या मानेखाली हात धरला.